नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असताना ईएडीची मुदत संपली, तर काम चालू ठेवता येते का?

पाऊलवाट

नमस्कार. मी अमेरिकेत एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर राहते आणि गेली पाच वर्षे ईएडीच्या, म्हणजे वर्क परमिटच्या आधारावर एका रुग्णालयाच्या संगणक विभागात नोकरी करते. माझ्या कार्डावर शेवटची तारीख २० फेब्रुवारी २०२६ अशी छापलेली आहे आणि आज तिला जेमतेम चार आठवडे उरले आहेत. नूतनीकरणाचा अर्ज नोव्हेंबरमध्ये केला असून तो अजून प्रलंबित आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते, कारण उत्तर तिच्यावर अवलंबून असेल असे वाटते. गेल्या वर्षाच्या सुरुवातीला माझ्या नवऱ्याने कंपनी बदलली आणि नव्या कंपनीचा एच-१बी अर्ज मंजूर झाला. जुलैमध्ये आम्ही भारतात जाऊन स्टॅम्पिंग करून, म्हणजे पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घेऊन आलो, त्यामुळे परत येताना मिळालेल्या माझ्या आय-९४ वर, म्हणजे किती काळ राहता येईल हे सांगणाऱ्या प्रवेशनोंदीवर, ३१ मार्च २०२८ पर्यंतची मुदत आहे. म्हणजे माझ्या येथील वास्तव्याला कोणतीही अडचण नाही; संपते आहे ते फक्त काम करण्याचे कार्ड. मुदतीच्या १८० दिवस आधी अर्ज करता येतो, या हिशेबाने मला तो २४ ऑगस्टपासून करता आला असता. पण नवऱ्याची नवी नोकरी आणि मुलीची बदललेली शाळा या धावपळीत ते काम मागे पडले आणि खरे सांगायचे तर आम्ही निश्चिंत होतो. वेळेत अर्ज केला की पावतीच्या आधारावर ५४० दिवस काम चालू ठेवता येते, हे आमच्या ओळखीतल्या प्रत्येकाला पाठ होते. अर्ज टपालाने ६ नोव्हेंबरला रवाना झाला आणि पावतीवर १० नोव्हेंबर ही तारीख आली. ती पावती मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडली आणि मुदतवाढीचा मजकूर शोधला, पण तो त्यात नव्हता. चूक झाली असेल असे समजून मी कागद उलटसुलट करून पाहिला, आणि मग कळले की ३० ऑक्टोबरला नियमच बदलला आहे.

आता कंपनीच्या एचआर विभागाने विचारले आहे की २० फेब्रुवारीनंतरसाठी माझ्याकडे कोणता वैध कागद आहे. मला पुढील गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. पावतीवर काम करण्याची काही सोय उरली आहे का? नसेल, तर कंपनी मला रजेवर ठेवू शकते, की काढूनच टाकावे लागते? या काळात माझ्या जागी येणाऱ्या सहकाऱ्याला मी घरून, विनामोबदला, थोडीफार मदत केली तर चालते का? आणि अर्ज लवकर निकाली निघावा म्हणून काही करता येईल का? ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दीपस्तंभ

मी वकील नाही, पण गेली बारा-तेरा वर्षे स्वतःचे आणि नात्यातल्या अनेकांचे असे अर्ज भरत आलो आहे आणि हे नियम मुळातून वाचतो. तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते दुर्दैवाने अगदी स्पष्ट आहे. २० फेब्रुवारी हा तुमच्या कामाचा शेवटचा दिवस असेल आणि नवे कार्ड येईपर्यंत तुम्हाला थांबावे लागेल. नवे कार्ड मंजुरीच्या दिवसापासून लागू होते, मागील तारखेपासून नाही, त्यामुळे मधला खंड नंतर भरूनही निघत नाही.

हे असे का झाले, ते क्रमाने सांगतो. २०१७ पूर्वी यूएससीआयएसवर, म्हणजे हे अर्ज हाताळणाऱ्या अमेरिकी सरकारी कार्यालयावर, ९० दिवसांत निर्णय देण्याचे बंधन होते आणि निर्णय न झाल्यास अंतरिम कार्ड देण्याची तरतूद होती. १७ जानेवारी २०१७ पासून हे बंधन काढून टाकण्यात आले आणि त्याच्या बदल्यात, ठरावीक वर्गांतील ज्या लोकांनी मुदतीपूर्वी नूतनीकरणाचा अर्ज केला असेल, त्यांना १८० दिवसांची आपोआप मुदतवाढ देण्यात आली. हा ‘बदल्यात’ शब्द महत्त्वाचा आहे, त्याकडे मी पुन्हा येईन. पुढे कोरोनाकाळात आणि नंतर अर्जांचा ढीग एवढा वाढला की १८० दिवसही अपुरे पडू लागले. तेव्हा ४ मे २०२२ पासून तात्पुरत्या नियमाने ही मुदत ५४० दिवस करण्यात आली, एप्रिल २०२४ मध्ये तशीच आणखी एक तात्पुरती तरतूद झाली आणि १३ जानेवारी २०२५ पासून ५४० दिवस हाच कायमचा नियम ठरला. हा कायमचा नियम पुरते दहा महिनेही टिकला नाही. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे अमेरिकी सरकारच्या राजपत्रात, अंतरिम अंतिम नियम (सूचना मागवण्याआधीच लागू होणारा नियम) प्रसिद्ध झाला आणि त्याच दिवसापासून लागू झाला. लोकांच्या सूचना मागवल्या गेल्या त्या अंमलबजावणीनंतर. त्या दिवशी किंवा त्यानंतर दाखल झालेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना आता आपोआप मुदतवाढ मिळत नाही. त्याआधी दाखल झालेल्यांची ५४० दिवसांची मुदतवाढ मात्र शाबूत आहे.

तुमच्या बाबतीत दुःखाची गोष्ट अशी की तुमचा अर्ज २९ ऑक्टोबरपर्यंत पोहोचला असता, तर तुम्हाला पूर्ण ५४० दिवस मिळाले असते. एच-४ धारकांची मुदतवाढ आय-९४ च्या तारखेपलीकडे जात नसे, आणि ज्यांचे कार्ड व आय-९४ एकाच दिवशी संपत असे त्यांना जुन्या नियमाचाही फारसा उपयोग नव्हता. तुमचे आय-९४ २०२८ पर्यंतचे असल्यामुळे तुम्हाला तीही अडचण आली नसती. हे मी हळहळ वाढवण्यासाठी लिहीत नाही. दिरंगाईचा सगळा दोष तुम्ही स्वतःकडे घेऊ नये, म्हणून लिहितो. मुदतीच्या साडेतीन महिने आधी केलेला अर्ज उशिरा केलेला म्हणता येत नाही.

काही गैरसमज येथे पसरू नयेत म्हणून हेही नमूद करतो. एच-१बीवर असलेल्या व्यक्तीच्या त्याच कंपनीने मुदतवाढीचा अर्ज वेळेत केला असेल, तर तिला २४० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येते. तो नियम वेगळा आहे आणि तो बदललेला नाही. स्टेम ओपीटीच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणानंतर कामाचा वाढीव परवाना मिळालेल्या विद्यार्थ्यांची १८० दिवसांची तरतूदही कायम आहे. एल-२ जोडीदारांच्या (कंपनीने परदेशातून बदली करून आणलेल्या कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांच्या) आय-९४ वर एल-२एस असा शेरा असल्यास त्यांना कार्डाची गरजच नसते. शिवाय डिसेंबर २०२५ मध्ये कार्डाची कमाल मुदत पाच वर्षांवरून १८ महिन्यांवर आणण्याचा जो निर्णय झाला, तो आश्रय मिळालेल्या किंवा मागणाऱ्या लोकांसाठी, निर्वासितांसाठी आणि ग्रीन कार्डाचा, म्हणजे कायम वास्तव्याचा आय-४८५ अर्ज प्रलंबित असलेल्यांसाठी आहे, एच-४ साठी नाही. त्या लोकांची स्थिती मात्र तुमच्यापेक्षाही कठीण होणार आहे, कारण त्यांना दर दीड वर्षाने नवा अर्ज करावा लागेल आणि प्रत्येक अर्जाबरोबर नोकरीत खंड पडण्याची भीती राहील.

लवकर निकालासाठी जादा पैसे भरून प्रीमियम प्रोसेसिंग घेण्याची सोय तुमच्या वर्गाला नाही. एक्स्पिडाइटची, म्हणजे अर्ज तातडीने हाताळण्याची विनंती करता येते, पण ‘माझी नोकरी जाईल’ एवढे एकच कारण यूएससीआयएसच्या धोरणानुसार पुरेसे धरले जात नाही. रुग्णालयाने स्वतःच्या लेटरहेडवर, तुमच्या नसण्याने कोणती यंत्रणा अडेल आणि संस्थेचे नेमके किती नुकसान होईल हे लिहून दिले, तर विनंतीला वजन येते. त्याच्या जोडीला तुमच्या भागातील काँग्रेस (अमेरिकी संसद) सदस्याच्या कार्यालयात अर्ज करा. तेथे मतदार असण्याची अट नसते; एक संमतीपत्रक भरून दिले की कार्यालय तुमच्या वतीने चौकशी करते. खूपच उशीर झाला, तर फेडरल न्यायालयात मँडेमसचा, म्हणजे कार्यालयाला निर्णय देण्यास भाग पाडण्याचा दावा हा शेवटचा मार्ग आहे, पण तो खर्चाचा आहे आणि दोन-तीन महिन्यांच्या विलंबात त्याचा उपयोग होईल असे मला वाटत नाही.

रानवारा

मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत एचआरचे काम करते आणि आय-९ ची, म्हणजे कर्मचाऱ्याला काम करण्याची परवानगी आहे हे दाखवणाऱ्या फॉर्मची पडताळणी माझ्याकडेच असते, म्हणून कंपनीच्या बाजूने काय घडते ते सांगते.

कार्डाची मुदत संपण्याच्या दिवसापर्यंत कंपनीला आय-९ च्या सप्लिमेंट बी या पुरवणी पानात नव्या कागदाची नोंद करावी लागते. नूतनीकरणाची नुसती पावती आता त्यासाठी चालत नाही. अशा वेळी कंपनीने तुम्हाला कामावर ठेवले, तर परवाना नसलेल्या व्यक्तीला जाणूनबुजून कामावर ठेवल्याचा ठपका तिच्यावर येतो आणि दंड होतो. त्यामुळे तुमच्या एचआरचा प्रश्न कठोर वाटला, तरी तो विचारणे त्यांना भागच आहे. मात्र तुम्हाला काढून टाकलेच पाहिजे, असे कायदा कुठेही सांगत नाही. विनावेतन रजा देता येते, आणि माझ्या मते तुम्ही ती आजच लेखी मागावी. शेवटच्या आठवड्यात विषय काढला, तर वरिष्ठांना मंजुरीला वेळ मिळत नाही आणि मग सोपा मार्ग म्हणून राजीनामा मागितला जातो. समजा नोकरी सुटलीच, तरी मूळ आय-९ भरल्यापासून तीन वर्षांच्या आत तीच कंपनी तुम्हाला परत घेणार असेल, तर जुन्याच आय-९ वर नवी नोंद करून काम भागते.

विनामोबदला मदतीबद्दल मी अगदी निःसंदिग्धपणे सांगते की ती करू नका. ज्या कामाचा एरवी पगार मिळतो, ते काम फुकट केले म्हणून स्वयंसेवा ठरत नाही. आमच्याकडे अशी वेळ येते तेव्हा आम्ही त्या कर्मचाऱ्याचा लॅपटॉप जमा करून घेतो आणि ईमेल व चॅटचा प्रवेश त्याच रात्री बंद करतो. लोकांना हे अपमानास्पद वाटते, पण एखाद्या सहकाऱ्याने सवयीने पाठवलेल्या ‘हे कुठे सापडेल?’ या प्रश्नाला सवयीनेच दिलेले उत्तरसुद्धा नोंदीत राहते. एच-४ वर असताना परवान्याविना काम करणे हा स्थितीचा भंग आहे आणि पुढे ग्रीन कार्डाच्या अर्जात त्याचा जाब द्यावा लागतो. रोजगारावर आधारित अर्जांना एकूण १८० दिवसांपर्यंतच्या चुका माफ करणारी तरतूद आहे हे खरे, परंतु ती झालेल्या चुकीसाठी आहे. तिच्या भरवशावर कोणी चूक करू नये.

आरोग्य विमा तुमच्या नोकरीतून असेल, तर रजेच्या काळात तो चालू राहतो का, हे आधी विचारून घ्या. तो बंद झाला, तर नवऱ्याच्या विम्यात सामील होण्यासाठी साधारणपणे ३० दिवसच मिळतात, आणि ही तारीख धावपळीत हमखास चुकते. बेरोजगार भत्त्याची आशा धरू नका. काम करण्यास कायद्याने उपलब्ध असणे ही त्याची अट असते.

आणखी एक सांगते, ते इतर वाचकांसाठी. तुमचा अर्ज ३० ऑक्टोबर २०२५ पूर्वी दाखल झालेला असेल आणि कार्डावरचा व पावतीवरचा वर्ग जुळत असेल, तर तुमची ५४० दिवसांची मुदतवाढ वैध आहे. काही कंपन्या नव्या नियमाची बातमी ऐकून अशा लोकांनाही थांबवू लागल्या आहेत, ते चूक आहे. न्याय विभागाच्या इमिग्रंट अँड एम्प्लॉयी राइट्स सेक्शनकडे त्याविरुद्ध दाद मागता येते.

पाऊलवाट

दोघांचेही मनापासून आभार. घरून मदत करण्याचा विचार मी पूर्णपणे सोडून दिला आहे. एक शंका राहिली. नवरा म्हणतो की तू काही महिने भारतात जाऊन तेथून काम कर. हे शक्य आहे का?

ओलावा

मी यातून गेले आहे, जरी माझे कारण वेगळे होते. २०२२ च्या सुरुवातीला माझे एच-४ आणि ईएडी दोन्ही एकाच दिवशी संपले, म्हणजे दीपस्तंभ यांनी वर सांगितलेल्या, मुदतवाढीचा उपयोग न होणाऱ्या लोकांपैकी मी एक होते. माझा खंड पावणेपाच महिन्यांचा झाला.

भारतातून काम करण्याबद्दल म्हणाल, तर अमेरिकेबाहेर असताना अमेरिकेच्या परवान्याची गरज नसते, हे बरोबर आहे. पण त्यासाठी कंपनीची तयारी लागते, कारण पगार कोणत्या देशात द्यायचा, कर कुठे भरायचा आणि तुमच्या हातातली माहिती देशाबाहेर नेता येते का, हे सगळे प्रश्न तिच्यापुढे उभे राहतात. तुमचे काम रुग्णालयातले आहे, म्हणजे रुग्णांच्या नोंदींशी संबंध येत असणार. अनेक रुग्णालये अशा नोंदींना देशाबाहेरून हात लावू देत नाहीत. माझ्या कंपनीनेही नकार दिला होता. तुमच्याकडे वैध स्टॅम्प आहे, त्यामुळे परत येताना मुलाखतीची गरज पडू नये, ही जमेची बाजू. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी मात्र आत्ता जाण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, कारण १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी सुरू झाली आणि भारतातील अनेकांच्या ठरलेल्या मुलाखती कित्येक महिने पुढे ढकलल्या गेल्या. अर्ज प्रलंबित असताना प्रवास केल्याचा त्या अर्जावर काय परिणाम होतो, हेही तिकीट काढण्यापूर्वी वकिलाला विचारा.

पैशांचे नियोजन तुम्ही कराल, त्याबद्दल मी काय सांगणार. मला सांगायचे आहे ते वेगळे आहे. पहिल्या दोन आठवड्यांत मी दिवसातून पंधरा वेळा अर्जाची स्थिती पाहत असे. पडद्यावर तेच वाक्य, तीच तारीख. मुलाला शाळेत सोडून आल्यावर मी कामावर जाण्याचे कपडे घालून डायनिंग टेबलाशी बसायची, कारण दुसरे काय करायचे ते सुचत नसे. आपण काही चूक केलेली नाही, आपली नोकरी आपली वाट पाहते आहे, आणि तरीही आपण बसून आहोत, हे मनाला पटवणे फार जड जाते. शेवटी मी ठरवले की स्थिती आठवड्यातून एकदाच, सोमवारी सकाळी पाहायची. एका सर्टिफिकेटचा अभ्यास घेतला. शिकण्याला परवाना लागत नाही. कार्ड आले तेव्हा मला कंपनीने परत घेतले, पण मी चालवत असलेला प्रकल्प दुसऱ्याकडे गेलेला होता आणि तो पुन्हा माझ्याकडे आला नाही. म्हणून रजेच्या पत्रात केवळ ‘नोकरी राखून ठेवावी’ असे न लिहिता, कोणत्या पदावर आणि कोणत्या कामावर परत येणार, हेही लिहून घ्या.

कडेकपारी

तुम्हा सर्वांबद्दल सहानुभूती आहे, तरी दुसरी बाजूही मांडतो. आपोआप मुदतवाढ म्हणजे अर्जदाराची पुन्हा तपासणी होण्याआधीच त्याला दीड वर्ष काम करू देणे. सरकारचे म्हणणे असे आहे की आधी पार्श्वभूमी तपासावी आणि मगच परवाना द्यावा. यात तत्त्वतः काय चूक आहे? ज्याचे कागद स्वच्छ आहेत, त्याने १८० दिवस आधी अर्ज करावा.

दीपस्तंभ

तपासणीला माझाही विरोध नाही. पण आपोआप मुदतवाढ प्रत्येकाला मिळत नव्हती. जुन्या परवान्याच्याच वर्गात, मुदतीपूर्वी अर्ज करणाऱ्यालाच ती मिळत असे आणि अर्ज नामंजूर झाल्यास ती संपत असे. शिवाय ती बंद केल्याने तपासणी एक दिवसही लवकर होत नाही. ही प्रश्नकर्ती ताई २१ फेब्रुवारीलाही याच देशात, याच घरात, पूर्णपणे कायदेशीरपणे राहणार आहे आणि तिचे आय-९४ २०२८ पर्यंत वैध आहे. बदलते ते एवढेच की तिचा पगार थांबतो आणि रुग्णालयाच्या संगणक विभागात एक खुर्ची रिकामी होते. तिच्यापासून धोका असेल, तर तो बेकार बसवल्याने कमी कसा होतो?

१८० दिवस आधी अर्ज करण्याचा सल्ला योग्यच आहे, आणि येथे वाचणाऱ्या प्रत्येकाने तो पाळावा. पण १८० दिवसांत निर्णय देण्याचे बंधन यूएससीआयएसवर नाही. वर मी ‘बदल्यात’ या शब्दाचा उल्लेख केला तो यासाठीच. ९० दिवसांची हमी काढून घेतली तेव्हा तिच्या जागी मुदतवाढ देण्यात आली होती. आता मुदतवाढ गेली, पण ९० दिवसांची हमी परत आलेली नाही. अर्जदाराने ५२० डॉलर शुल्क भरायचे, तारखा पाळायच्या, आणि कार्यालयाला उशीर झाला तर त्या उशिराची किंमत आपल्या पगारातून मोजायची, अशी ही मांडणी आहे. एप्रिल २०२४ चा तात्पुरता नियम आणताना, मुदतवाढ न दिल्यास सुमारे ८ लाख लोकांच्या कामात खंड पडू शकतो, असा अंदाज खुद्द सरकारनेच मांडला होता. मुदतवाढ नको असेल तर नसू द्या, पण मग निर्णयाची मुदत तरी घालून द्या. दोन्हींपैकी काहीच नसणे मला अन्यायाचे वाटते आणि ते मी कुठल्याही पक्षाच्या सरकारबद्दल असेच म्हटले असते.

कडेकपारी

निर्णयाची मुदत असावी, हे मला मान्य आहे. तपासणी आणि मुदत या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, आणि ३० ऑक्टोबरचा नियम त्याच दिवशी लागू करण्याऐवजी दोन महिन्यांची पूर्वसूचना द्यायला हवी होती, हेही मान्य करतो.

पाऊलवाट

सर्वांचे पुन्हा आभार. आज वरिष्ठांशी बोलले. रजेचा लेखी अर्ज दिला आहे आणि ओलावाताईंनी सुचवल्याप्रमाणे त्यात पदाचा आणि मी पाहत असलेल्या प्रणालीचा स्पष्ट उल्लेख केला आहे. नव्वद दिवसांपर्यंतची विनावेतन रजा मिळेल असे तोंडी सांगितले आहे, लेखी उत्तर सोमवारपर्यंत येईल. एक्स्पिडाइटसाठी विभागप्रमुख पत्र देणार आहेत. त्याचा मसुदा मीच करून द्यायचा आहे. काँग्रेस सदस्याच्या कार्यालयाचे संमतीपत्रक काल रात्री भरले. भारतात जाण्याचा विचार रद्द केला, कारण रुग्णांच्या नोंदींबद्दलची शंका खरी ठरली. विमा माझ्याच नोकरीतून आहे, हे रानवारा यांनी विचारले नसते तर माझ्या लक्षातही आले नसते. नवऱ्याच्या एचआरला आजच ईमेल केला.

२० तारखेला शुक्रवार आहे. त्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉप जमा करायचा आहे, तोपर्यंतचे चार आठवडे सहकाऱ्याला सगळे काम लिहून देण्यात घालवीन. कार्डाची काही बातमी आली की याच धाग्यावर कळवते.